स्क्रीनवरचं कुंकू

आमची लेक कंप्युटरवर दुधाच्या टाक्यांची चित्रं काढते. एवढं शिकून. गावात कुणी विचारलं, "आप्पा, पोरगी काय करती?" तर मी सांगतो, "टाकीचं चित्र काढती." मग समोरचा गप्प बसतो, कारण त्याची नात बालवाडीत तेच काढते.

तिचं म्हणणं वेगळं आहे. कारखान्यात मशिन चालवणाऱ्या ऑपरेटरच्या पुढं एक स्क्रीन असते. तिच्यावर टाक्या, पंप, पायपा आणि आकडे दिसतात. बोट लावलं की पंप चालू, परत लावलं की बंद. कुठं काही बिघडलं तर लाल पट्टी पेटते. हे सगळं लेक त्या त्या कारखान्याचं माप घेऊन बनवते, शिंप्यासारखं. आधी पुण्यात एका कंपनीत करायची. गेल्या वर्षी तिची आई गेली. आईच्या दिवसांना आली ती परत गेलीच नाही. म्हणाली, "आप्पा, मी हितूनच करते काम, स्वतःचं."

मी म्हणालो, "माझ्यासाठी थांबू नगस. मला भाकरी थापता येती."

तिनं माझी भाकरी बघितली आणि तो विषय तिथंच संपला.

तिची आई कुंकवानिशी गेली. सावडायला आलेल्या बायका म्हणाल्या, भाग्याची होती. असेल. मागं राहिला त्याचं काय, ते त्या भाग्याच्या हिशोबात कुठं बसतं, हे कुणी बोललं नाही. चहा पिऊन गेल्या.

लेकीला स्वतःच्या नावावर पहिलं काम मिळालं ते भीमेच्या पलीकडं, दौंड तालुक्यात, वरवंडच्या अलीकडच्या एका दूध डेअरीत. ओळख माझी. त्या डेअरीचा टँकर मी केस पांढरे होईपर्यंत चालवला. साहेबांनी अट घातली की दिवाळीपर्यंत स्क्रीन चालवून दाखवा. पसंत पडली तर बाकीच्या प्लांटचं कामही तुमचं, नाही पडली तर राम राम. इकडं पुण्याची जुनी कंपनी "परत कधी येताय" म्हणून फोन करतच होती. लेकीला एकदा फोनवर बोलताना ऐकलं, "हे काम गेलं तर येईन मग, दुसरं काय." म्हणजे स्क्रीन नापास झाली की लेक पुण्याला, आणि इथं गावात, मांडवगणात, मी आणि माझ्या भाकऱ्या. तिनं हे मला सांगितलं नाही. मला कमी ऐकू येतं असं घरात धरून चालतात, त्याचा असा उपयोग होतो.

आता ही चित्रं कशानं काढायची, यावर आमच्या ओसरीत जे रणकंदन झालं ते सांगतो. मला वाटायचं चित्र काढायला खडू लागतो. तसं नसतं म्हणे. त्याला टूल लागतं, आणि टूल निवडायला माणसं लागतात, आणि त्या माणसांना चहा लागतो. चहा मी करायचो.

लेकीचा एक भागीदार आहे, पुण्याचा. पोरगा चांगला आहे, फक्त बोलतो. त्याला तयार डबा पाहिजे होता. तयार डबा म्हणजे परदेशातल्या कुठल्याशा कंपनीनं आधीच काढून ठेवलेली चित्रं. टाकी पाहिजे, घ्या टाकी. पंप पाहिजे, घ्या पंप. उचलायचं, स्क्रीनवर ठेवायचं, तारेनं जोडल्यासारखं जोडायचं, झालं. त्यानं ते लॅपटॉपवर दाखवलं. टाकी अशी चकाकत होती की तिच्यात तोंड बघावं. दूध आत भरलं की पांढरं वर वर चढायचं आणि त्याला लाटा यायच्या. पंपाचा पंखा गरगर फिरायचा.

"काका, कसं वाटतं?" त्यानं विचारलं.

"भारी," मी म्हणालो. "टाकी कशी टाकीसारखी दिसती."

"बघ," तो लेकीला म्हणाला, "युजरला आवडलं."

मी युजर आहे हे मला त्या दिवशी कळलं.

लेकीला मात्र ते पटेना. तिला सगळं हातानं काढायचं होतं. हातानं म्हणजे रेघारेघांनी, स्वतः लिहून. तिची टाकी म्हणजे नुसता चौकोन, करड्या रंगाचा, आणि त्यात एक आकडा. पाईप म्हणजे रेघ. पंप म्हणजे गोल. मी म्हणालो, "ह्याचे पैसे द्यायचे का लोकांनी? ह्यापेक्षा आमच्या टँकरच्या मागं रंगवलेलं कमळ बरं होतं."

"आप्पा, ऑपरेटरनं टाकी बघितलेलीच हाय. त्याच्या मागंच उभी हाय ती. त्याला चित्र नको, काय बिघडलंय ते दिसलं पाहिजे. सगळंच चकाकायला लागलं तर बिघडलेलं कसं दिसणार?"

"मग लाटा कशाला हाईत त्या डब्यात?"

"विकायला."

तिसरी एक गोष्ट होती, ब्राउझरवाली. मोबाईलवर जसं पान उघडतं तशी स्क्रीन उघडायची, साहेबाला पुण्यात बसून पण दिसणार. त्याला नेट लागतं. भागीदारानं ते पान उघडून दाखवायला घेतलं आणि नेट गेलं. आम्ही चहा प्यायलो. नेट आलं नाही. ती गोष्ट चहाबरोबर संपली.

राहिले दोन. तयार डब्यात मराठीची पण गंमत होती. अक्षरं आत घातली की वेलांटी अलीकडं पडायची आणि अक्षर पलीकडं, अपघात झाल्यासारखं. भागीदार म्हणाला, "मग इंग्लिशच ठेवू की." आणि हाताची चित्रं काढायची म्हणजे वेळ लागणार, चूक झाली तर ती आपलीच, कुणाला फोन लावायची सोय नाही. दिवाळी जवळ आली होती. लेक नखं खात बसली. आई गेल्यापासून ही सवय. शेवटी ती म्हणाली, "बरं, डबाच घालू. वेळेत तरी होईल." भागीदार खूश झाला. मी पण झालो. टाकीत तोंड दिसणार होतं.

डेअरीत जाताना ती मला बरोबर न्यायची. कारण सांगायची की ओळख तुमची आहे. खरं कारण असं की घरात मला आणि गॅसच्या शेगडीला एकटं ठेवायची तिची तयारी नव्हती. तिच्या स्कूटरवर मागं बसून मी भीमेचा पूल ओलांडायचो. जन्मभर त्या पुलावरून टँकर नेला, आता लेकीच्या मागं पिशवी धरून.

तिथं मशिनच्या खोलीत चाचा आहेत. वरवंडचेच, त्यांचा आजा पण वरवंडचाच. मी टँकर लावायचो तेव्हापासून ते टाक्या सांभाळतात. मला बघून म्हणाले, "काय ड्रायव्हर, आता स्टेअरिंग पोरीकडं दिलं का?"

"काढून घेतलं तिनं."

"बरं केलं. तुमी रिवर्स घेताना गेट तोडलं व्हतं, याद हाय का?"

"गेट आधीच वाकडं व्हतं."

चाचांनी नवी स्क्रीन बघितली. लाटा बघितल्या. फिरणारा पंखा बघितला. म्हणाले, "सुंदर हाय. ह्याच्यावर सिरियल पण लागती का?" भागीदार हसला. त्याला वाटलं कौतुक झालं.

बिघाडाची लाल पट्टी स्क्रीनच्या एकदम वरती, या टोकापासून त्या टोकापर्यंत होती. डब्यात ती तिथंच येते म्हणे. टाकी तापली, पंप थांबला, काही झालं की वर पट्टी पेटणार आणि लुकलुकणार. दोन-चार दिवस झकास चाललं. साहेब येऊन बघून गेले, मान हलवून गेले. लेक घरी येऊन दोन भाकऱ्या जास्त जेवली.

मग खंडेनवमी आली.

आता खंडेनवमीला काय करतात ते परदेशातल्या कंपनीला कोण सांगणार. आमच्याकडं त्या दिवशी जे जे चालतं, फिरतं, कापतं, ते सगळं धुऊन पुसून त्याला हळदकुंकू लावतात आणि झेंडूचा हार घालतात. ट्रॅक्टर, कोयता, शिलाई मशिन, वजनकाटा. माझ्या टँकरच्या काचेवर मी स्वतः कुंकवाची बोटं ओढायचो आणि त्यातून रस्ता बघत पुढं गाडी चालवायचो, पोलीस पण काही बोलायचा नाही. मग डेअरीत नवी आलेली, सगळ्यात महाग, सगळ्यात शहाणी वस्तू कोणती? तिला वगळायचं?

शिफ्टच्या पोरांनी कुंकू तेलात कालवलं, पाण्यात नाही, म्हणजे लवकर जाणार नाही. आणि स्क्रीनच्या माथ्यावर, बरोबर मधोमध, स्वस्तिक काढलं. दोन्ही अंगाला पाच पाच बोटं ओढली. कपाळ म्हणजे वरतीच असतं, खाली कुणी लावेल? वरून झेंडूचा हार सोडला. मी तिथंच होतो. मला पण छान दिसलं. लेक बाहेर साहेबांशी बोलत होती.

आरती चालू असताना एका टाकीला गार ठेवणारा कॉम्प्रेसर बंद पडला. दूध तापायला लागलं. स्क्रीननं तिचं काम चोख केलं, वर लाल पट्टी पेटली, लुकलुकली. लाल कुंकवाच्या मागं, हाराच्या खाली. भोंगा पण वाजला असेल. घंटा, टाळ आणि साहेबांच्या ड्रायव्हरचा आवाज, यात भोंग्याला कोण विचारतो. प्रसाद वाटून झाला, फोटो निघाले, स्क्रीनच्या बाजूला उभं राहून सुद्धा फोटो निघाले. त्या फोटोत नीट बघितलं तर हाराच्या फुलांतून लाल दिसतं. आम्हाला वाटलं फुलांचंच तेज.

मग कुणीतरी टाकीच्या अंगावरचा तापमानाचा जुना काटा बघितला आणि ओरडला. दूध वाचलं, थोडक्यात. साहेबांची मात्र प्रसादाची चव गेली.

"स्क्रीनवर कुंकू कुणी लावलं?" साहेबांनी विचारलं.

चाचा म्हणाले, "हार माझा. कुंकू शिफ्टचं."

"अहो, ही काय देवाची मूर्ती हाय का?"

"साहेब, तुमच्या नव्या गाडीच्या काचेला पण गेल्या साली आमीच लावलं व्हतं. तवा तुमी पेढे दिले."

भागीदार पुढं झाला. म्हणाला, "सर, हा सिस्टीमचा प्रॉब्लेम नाही. हा ऑपरेटर ट्रेनिंगचा प्रॉब्लेम आहे. स्क्रीन साफ ठेवली पाहिजे, बस."

"पुसून टाका रे," साहेब म्हणाले.

कुणी हलेना. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. सणाच्या दिवशी लावलेलं कुंकू आपल्या हातानं पुसायचं म्हणजे काय असतं, हे ज्याला कळत नाही त्याला सांगून उपयोग नाही. साहेब चाचांकडं वळले. "चाचा, तुम्ही पुसा."

"मी?" चाचा म्हणाले. "साहेब, माझ्या हातनं हे पुसलेलं तुमाला चालंल, गावाला चालंल का? उगं माझ्या नावानं बातमी नको. तुमीच पुसा की. फडकं देतो."

फडकं दिलं. साहेब फडकं घेऊन स्क्रीनपुढं गेले. हात वर केला. मग तो हात त्यांनी स्वतःच्या घामेजल्या कपाळावरून फिरवला आणि फडकं खिशात घातलं. "असू दे," म्हणाले, "जाईल आपोआप." साहेब एमबीए आहेत. पण कुंकवाच्या अलीकडंपर्यंतच.

भागीदाराच्या हातात द्यायचं होतं फडकं. पण तो तोवर फोन घेऊन बाहेर गेला होता.

जाताना साहेब लेकीला म्हणाले, "मॅडम, कुंकू तर निघत नाही आन् पट्टी तर दिसत नाही. दिवाळीपर्यंत बघा काय ते. नाहीतर आमचा काटाच बरा."

परत येताना पुलावर ती म्हणाली, "आप्पा, पुण्याहून आज पण फोन आला व्हता."

"मग जा," मी म्हणालो. मोठ्या तोंडानं म्हणालो. स्कूटरवर मागं बसलं की तोंड दिसत नाही, ते बरं असतं.

तिनं परदेशातल्या कंपनीला विचारलं की ही लाल पट्टी वरून खाली घेता येईल का. उत्तर आलं, मोठं सभ्य. पट्टीची जागा ठरलेली आहे, बदलता येत नाही. स्क्रीनवर डाग पडला असेल तर मऊ, कोरड्या फडक्यानं पुसावा. भागीदारानं ते मला मराठीत करून सांगितलं. मी म्हणालो, "त्यांना म्हणावं, फडकं साहेबांच्या खिशात हाय."

भागीदार म्हणाला, "मी रविवारी जाऊन पुसून टाकतो. कुणाला कळणार पण नाही."

"आन् पुढच्या खंडेनवमीला?" लेकीनं विचारलं.

"तेव्हाचं तेव्हा."

ती परत नखं खात बसली. मी उठून दाढी करायला गेलो.

आमच्या घरात आरसा एकच, मोरीच्या बाजूच्या भिंतीला. त्याच्यावर एक तांबडी टिकली आहे. तिची आई झोपायच्या आधी कपाळावरची टिकली काढून आरशाला चिकटवायची, सकाळी तीच परत लावायची. दवाखान्यात नेलं त्या दिवशी घाईत तशीच गेली. टिकली तिथंच राहिली. आता ती बरोबर माझ्या तोंडासमोर येते. समोर उभा राहिलो की माझ्याच कपाळावर टिकली लावल्यासारखं दिसतं, या वयात. खाली वाकलो तर नाकावर येते. म्हणून मी मान एका अंगाला वाकडी करून दाढी करतो. एक गाल झाला की दुसरीकडं मान. वर्षभरात मानेला सवय झाली. एक कल्ला जरा वर, एक जरा खाली राहतो, पण मला कुणी बघायला येणार नाही.

लेक मागं येऊन कधी उभी राहिली, कळलं नाही.

"आप्पा, मान का वाकडी करताय?"

"दिसत न्हाई नीट."

"का?"

मी वस्तऱ्यानं टिकलीकडं दाखवलं. ती बघत राहिली.

"मग..." म्हणाली आणि थांबली. काढा की, असं म्हणणार होती. म्हणाली नाही. तिनं आरशाची काच बघितली. काच मी पुसतो, पण टिकलीभोवती फडकं वळवून पुसतो, त्यामुळं तिथं धुळीचं एक कडं तयार झालं आहे. ते पण तिनं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं, अर्धा फेस लावलेल्या तोंडाकडं, आणि आत गेली. मला वाटलं रडायला गेली. मी पण मग पाण्याचा नळ जरा मोठा सोडला.

रडायला गेली नव्हती. आईच्या शिलाई मशिनच्या खणातून टेप काढून ती स्कूटर घेऊन डेअरीत गेली. मला न घेता. गॅसची शेगडी आणि मी, दोघं एकटे. यावरून समजलं की काहीतरी गंभीर आहे.

तिथं जाऊन तिनं काय केलं ते चाचांनी मला नंतर सांगितलं. "ड्रायव्हर, तुमची पोरगी आली, कुंकवाला टेप लावला. लांबी घेतली, रुंदी घेतली, हार किती खाली येतो ते घेतलं. मी म्हणलं, मॅडम, झंपर शिवताय का देवाला? म्हणली, व्हय."

परत आली आणि भागीदाराला फोन केला. "डबा काढायचा. मी सगळं हातानं काढते." तिकडून तो बराच वेळ बोलत होता. वेळ नाही, धोका आहे, हे युजरचं चुकीचं वागणं आहे. लेकीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते पुसणार न्हाईत. पुढच्या वर्षी पण लावणार. त्यांची जागा हलायची न्हाई, मग आपलीच हलवायला पाहिजे. डब्यात हलत न्हाई, म्हणून डबा नको. एवढंच."

एवढंच म्हणाली. ही पोरगी आईवर गेली आहे. आई पण असंच दोन वाक्यांत घर मोडायची आणि बांधायची.

मग आमच्या घरात चौकोन आणि रेघांचा सुकाळ झाला. करड्या टाक्या, करडे पंप, काळे आकडे. लाटा नाहीत, पंखा नाही. मी अधूनमधून म्हणायचो, "अगं, थोडा तरी रंग घाल, सुतक असल्यासारखं दिसतंय." ती म्हणायची, "बिघडल्यावर दिसंल रंग." अक्षरं मात्र मराठीत आणि वेलांट्या आपापल्या जागी. मला पण वाचता आली. चहा माझ्याकडंच होता. नखं खायचं तिनं कधी बंद केलं, ते माझ्या लक्षात आलं नाही. एकदा कपबशी घेताना बोटं दिसली, तेव्हा कळलं.

दिवाळीच्या आधी साहेबांनी बघायला बोलावलं. स्क्रीन तीच, काच तीच, कुंकू पण तसंच, जरा फिकं झालेलं. आत चित्रं नवी. स्क्रीनचा वरचा पट्टा पूर्ण मोकळा सोडला होता, तिथं नुसता करडा रंग आणि त्यावर ते स्वस्तिक, मापात बसवल्यासारखं. बाकी सगळा संसार खाली सरकवलेला.

साहेब म्हणाले, "वर एवढी जागा वाया कशाला घालवली? तिथं डेअरीचा लोगो टाका."

"टाकते सर," लेक म्हणाली. "पण मग दरवर्षी कुंकू लोगोवर लागंल. चालंल का?"

साहेबांनी डोक्यात चित्र उभं करून बघितलं असावं. "नको," म्हणाले. "लोगो खाली टाका."

मग त्यांनी कुणाला न सांगता बाहेर जाऊन एका टाकीचा कॉम्प्रेसर बंद करायला लावला. मुद्दाम. आम्ही सगळे असेच उभे. चाचा खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाना शोधत होते, स्क्रीनकडं अर्धी पाठ. थोड्या वेळानं करड्या स्क्रीनच्या तळाला पट्टी लाल झाली. त्या सगळ्या सुतकी रंगात कुंकू सोडून तेवढंच लाल. भोंगा वाजायच्या आत चाचा तिकडूनच म्हणाले, "दोन नंबर गेला काय?"

साहेबांनी लेकीकडं बघितलं आणि बाकीच्या प्लांटच्या टाक्या किती आहेत ते सांगायला सुरुवात केली. भागीदार म्हणाला, "सर, आमचा पहिल्यापासून मिनिमल डिझाईनचाच विचार होता." पोरगा चांगला आहे. फक्त बोलतो.

येताना लेकीनं दौंडला गाडी वळवली. मला बाहेर उभं करून एका दुकानात शिरली आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. घरी आल्यावर हातोडा मागितला. जुन्या आरशाच्या शेजारी, जरा खाली, माझ्या उंचीला, तिनं भिंतीला दोन खिळे ठोकले आणि नवा आरसा लावला.

"आता सरळ मानेनं करा दाढी."

मी उभा राहून बघितलं. आरसा चांगला आहे, नको तेवढा चांगला. कल्ले किती वाकडे आहेत ते दिसलं. मान सरळ केली तर दुखली.

"खिळा खोल गेलाय का बघ," मी म्हणालो. "भाड्याच्या खोलीसारखं नको. राहायला पाहिजे नीट."

"गेलाय," ती म्हणाली आणि पीठ मळायला गेली. मी थापतो म्हणालो, तर ऐकलं नसल्यासारखं केलं. मला कमी ऐकू येतं म्हणतात, पण हा वारसा तिच्याकडं पण आला आहे.